काळ्या अरण्यातील जुन्या करवती

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने परत आल्यावर तेथील उंच इमारती, रुंद रस्ते आणि स्वच्छता यांचे वर्णन करावे, अशी आपल्या मंडळींची अपेक्षा असते. मी जर्मनीहून परतलो तेव्हा माझ्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांनी मला हेच प्रश्न विचारले, आणि मीही यथाशक्ति उत्तरे दिली. परंतु रात्री कंदिलाच्या उजेडात त्या प्रवासाची आठवण होते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे इमारती येत नाहीत. डोंगराच्या कुशीतील एका खेड्यातले लाकडी छपर, त्याच्या भिंतींवर खुंट्यांना टांगलेल्या चाळीसेक जुन्या यांत्रिक करवती, आणि त्यांच्या मध्ये स्टुलावर बसून एका बारीक स्क्रूवर फुंकर घालणारा एक वृद्ध, हेच चित्र उभे राहते. वाचकहो, त्या छपराची हकीकत आज तुम्हांस सांगावयाची आहे. आपल्या खेड्यांत हे यंत्र आता घरोघरी ऐकू येऊ लागले आहे, म्हणून ती सांगणे मला अगत्याचेही वाटते.

जर्मनीतील धर्मगुरू जुलै-ऑगस्टात रजेवर जातात, आणि त्या दिवसांत त्यांच्या जागी काम करण्यास आपल्या देशातील काही धर्मगुरू जात असतात. २०२२ सालच्या उन्हाळ्यात अशाच सहा आठवड्यांसाठी मी मुर्ग नदीच्या खोऱ्यात गेलो. कार्ल्सरूह शहराच्या स्थानकावरून निघालेली आगगाडी प्रथम सपाट शेतांतून धावते. पुढे गेर्न्सबाख मागे पडले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, आणि फोरबाखच्या वर तर रूळ, रस्ता व नदी ही तिन्ही एकमेकांस चिकटून चालतात. बोगद्यातून बाहेर पडावे, खाली दगडांवरून उसळणारे पाणी दिसावे, आणि तोच दुसरा बोगदा यावा. आपल्या कॅसलरॉक ते कुळे या घाटातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ही मौज नवी नाही. फरक एवढाच की तेथे वेली नाहीत, झुडपांची दाटी नाही. सरळ उंच वाढलेली फर आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे डोंगरभर उभी असतात, व त्यांच्याखाली भर दुपारीही सांजावल्यासारखे असते. म्हणूनच त्या प्रदेशास ‘श्वार्त्सवाल्ड’, म्हणजे काळे अरण्य, असे नाव पडले आहे.

या खोऱ्याचे पोट शतकानुशतके लाकडावर चालत आले. सतराव्या-अठराव्या शतकांत येथील फरचे प्रचंड सोट मुर्ग नदीत सोडीत, पुढे ऱ्हाइन नदीत त्यांचे भलेमोठे तराफे बांधीत, आणि ते थेट हॉलंडपर्यंत वाहत नेत. तेथे त्यांची जहाजे होत आणि दलदलीत इमारतींच्या पायाखाली ठोकावयाचे खुंटही होत. त्या काळी झाड पडे ते कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढावयाच्या लांब करवतीने. आपल्या खानापूरच्या रानातही असे आरे ओढणारी माणसे माझ्या आजोबांनी पाहिली होती. एक जण वर ओंडक्यावर, दुसरा खाली खड्ड्यात, आणि खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा.

मी राहत होतो त्या धर्मगुरुनिवासाच्या मागे रोज संध्याकाळी एक चमत्कारिक आवाज येई. यंत्र सुरू होई, क्षणभर गर्जे, आणि बंद पडे. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. लाकूड कापल्याचा आवाज मात्र कधीच येत नसे. रात्री आठ वाजता तो थांबे, आणि रविवारी तर दिवसभर सर्व काही निःशब्द असे. कारण वस्तीत रविवारी व रात्री असली यंत्रे चालविण्यास त्या देशात कायद्याने मनाई आहे. चौथ्या दिवशी मी कुंपणापलीकडे डोकावलो. आतल्या वृद्धाने मान वर केली, हात चिंध्याने पुसले, व म्हणाला, “या, फादर. आपल्याला त्रास होत असेल. ही बाई सहा वर्षे झोपली होती; तिला आजच जागी करावयाची आहे.” ‘बाई’ म्हणजे त्याच्या मांडीवरची करवत होती.

हा गृहस्थ सत्त्याहत्तर वर्षांचा. सारे आयुष्य जंगलात लाकूडतोड्याचे काम करून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर त्याने हा छंद धरिला होता. जुन्या बाजारातून, कोणा मृत शेतकऱ्याच्या गोठ्यातून, भंगाराच्या ढिगातून मोडक्या करवती विकत घ्यावयाच्या, त्या दुरुस्त करावयाच्या, काही स्वतःजवळ ठेवावयाच्या व उरलेल्या विकावयाच्या. आणि त्या पैशांतून पुन्हा मोडक्या करवती आणावयाच्या. त्याची पत्नी हसून मला म्हणाली, “फादर, या व्यापारात आमचा कधी तोटा झाला नाही, आणि कधी नफाही दिसला नाही.”

त्या छपरात मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. दात बसविलेल्या साखळीची कल्पना प्रथम लाकडासाठी निघालीच नव्हती. व्युर्त्सबुर्ग येथील बेर्नहार्ड हाइने याने १८३० च्या सुमारास हाताने फिरवावयाचे एक उपकरण केले. त्यात बारीक दातांची साखळी एका पट्टीभोवती फिरे, आणि तिचे काम रुग्णाचे हाड सफाईने कापणे हे होते. पुढे सुमारे शंभर वर्षांनी ती कल्पना जंगलात गेली. १९२७ साली एमिल लेर्प याने थुरिंगियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी आपली करवत चालवून पाहिली व त्या डोंगराचेच नाव आपल्या मालास दिले. तिचे वजन ५८ किलो होते. ती चालविण्यास दोन धट्टेकट्टे पुरुष लागत. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, आंद्रेआस श्टील याने श्टुटगार्टमध्ये आपली कंपनी काढली होती. त्याच्या कंपनीचे मुख्य ठाणे आज वाइब्लिंगेन येथे आहे.

जुन्या करवती इतक्या जड का, असे मी विचारले. वृद्धाने दोन यंत्रे शेजारी ठेवून दाखविले. पूर्वीच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोल एका वाटीत साठे व त्यावर एक तरंगता गोळा असे. यंत्र आडवे केले की वाटी सांडे व इंजिन बंद पडे. म्हणून इंजिन सरळच ठेवून नुसती पट्टी वळविण्याची खटपट करावी लागे. नंतर रबरी पडद्याचा कार्बुरेटर आला, आणि करवत आडवी, उभी, उलटी कशीही चालू लागली. साखळीतही अशीच सुधारणा झाली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी एका भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लाकूड कुरतडीत पुढे जात होती. त्याने साखळीचे दात तसेच, आळीपाळीने डावे-उजवे, वळविले. आज जगातील बहुतेक करवतींची साखळी त्याच नमुन्याची आहे. मग १९५९ साली श्टीलची ‘कॉन्ट्रा’ आली. वजन १२ किलो, शक्ती ६ अश्वशक्ती, मध्ये दातेरी चाकांचा पसारा नाही. एका मनुष्याच्या हाती दोघांचे काम आले. वृद्धाने तरुणपणी याच जातीच्या करवतीवर काम शिकून घेतले होते. भिंतीवरच्या मधल्या खुंटीवर तीच टांगलेली होती.

मोडकी करवत विकत घेताना तो काय पाहतो, हेही त्याने मला दाखविले. प्रथम दोरीच्या मुठीस धरून यंत्र उचलावयाचे. ते हळूहळू खाली आले तर सिलिंडरमध्ये दाब शिल्लक आहे; धाडकन आले तर दाब गेला. मग धूर बाहेर पडण्याची पेटी काढून त्या भोकातून पिस्टनकडे पाहावयाचे. पिस्टन गुळगुळीत असेल तर यंत्रात जीव आहे. त्यावर उभे ओरखडे असतील तर कोणी तरी पेट्रोलमध्ये तेल मिसळण्यास विसरले होते असे समजावे. ह्या इंजिनात तेलाची निराळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. “फादर, शंभरातील नव्वद यंत्रे म्हातारपणाने मरत नाहीत,” तो म्हणाला, “ती आळसाने मरतात. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी केली नाही, गाळणी धुतली नाही, एवढेच.” आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतील पाणी ओढते आणि जुन्या रबराचा नाश करते. आपल्याकडेही आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेव्हा ज्यांच्या घरी फवारणीचे किंवा कापणीचे यंत्र आहे त्यांनी काम संपताच टाकी कोरडी करून ठेवावी, हा धडा फुकट मिळाला आहे असे समजावे.

हे सर्व तो बोलत असता मी पाहत होतो की त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गारठली म्हणजे मेणासारखी पांढरी पडत. ऑगस्टातल्या पहाटेच्या थंडीतही त्यास पान्हा धरवत नसे. जुन्या यंत्रांचा थरकाप वर्षानुवर्षे हातांत गेल्याने बोटांतील रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात. जर्मनीत हा कामगारांचा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झालेला आहे. १९६० नंतर मुठी रबरावर बसवून हा थरकाप कमी करण्यात आला. पण याचे शिक्षण त्यापूर्वीच्या यंत्रांवर झाले होते.

तो उन्हाळा साधा नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते, जळणाचा वायू अतिशय महागला होता, आणि हिवाळ्यात घर कशाने ऊबदार ठेवावे ही चिंता प्रत्येक घरी होती. जो तो लाकडाच्या मागे लागला. सरपणाचे भाव चढले, आणि त्याबरोबर करवतींचेही. ज्यांनी जन्मात कधी झाड पाडले नव्हते असे लोक शहरांतून मोटारी घेऊन येत व त्या छपराच्या दारात उभे राहत. एके दिवशी मी तेथे असतानाच एक तरुण आला. त्याची नजर कॉन्ट्रावर गेली. तिचे त्याने चारशे युरो देऊ केले, मग पाचशे. वृद्ध म्हणाला, “न्या, पण साखळीवाचून.” तरुणास वाटले थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. त्याच्या छपरात ज्या करवतींस ब्रेक नव्हता त्या सर्वांच्या साखळ्या त्याने काढून टाकल्या होत्या. इंजिन सुरेख चाले. परंतु ती यंत्रे फक्त पाहण्यासाठी व ऐकण्यासाठी होती. तरुण रागावून निघून गेला. वृद्धाची पत्नी खिडकीतून पाहत होती. तिने काही म्हटले नाही, पण त्या घरीही वायूचे बिल यावयाचे होतेच.

त्या संध्याकाळी त्याने मला कारण सांगितले. २६ डिसेंबर १९९९ रोजी, संत स्तेफनच्या सणाच्या दिवशी, ‘लोथार’ नावाचे वादळ या प्रदेशावरून गेले. काही तासांत एकट्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सुमारे ३ कोटी घनमीटर लाकूड जमिनीवर आडवे झाले. पुढले वर्षभर सारा डोंगर करवतींच्या आवाजाने भरून गेला होता. करवती मिळेनात. तेव्हा त्याने साठाच्या दशकातील एक जुनी करवत दुरुस्त करून दरीपलीकडच्या एका तरुण शेतकऱ्यास विकली. तिला ब्रेक नव्हता. त्या काळच्या करवतींस तो नसेच, तो १९७० च्या दशकात आला. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीस लागला, तर फिरती साखळी साऱ्या यंत्रास क्षणार्धात मागे व वर, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे, फेकते. ब्रेक असला तर डाव्या हातापुढील आडपट्टी ढकलली जाऊन साखळी थांबते. तिसऱ्या दिवशी तसेच झाले. त्या तरुणाचा गाल व खांदा फाटला. तो वाचला, परंतु त्याचा डावा हात पुन्हा पूर्वीसारखा वर गेला नाही.

“त्याने मला एक शब्दही बोलला नाही,” वृद्ध म्हणाला. “यंत्रात काही दोष असता तर मी म्हणालो असतो, दोष राहिला. दोष नव्हता, फादर. मी ते उत्तम दुरुस्त केले होते.”

यानंतर मी जे केले ते सांगण्यास मला थोडी लाज वाटते. आमच्या धर्मग्रामात दर पावसाळ्यात झाडे पडून रस्ते बंद होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गोवा व कोकण किनाऱ्यावर केलेली पडझडही मला ठाऊक होती. आपल्या पोरांसाठी एक चांगली करवत स्वस्तात न्यावी, असे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होते. ही हकीकत ऐकूनही दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याकडे एक करवत मागितली. त्याने मला तीन प्रश्न विचारले. “तिचे सुटे भाग तुमच्याकडे मिळतील काय? ती चालविण्यास शिकविणारा कोणी आहे काय? आणि चालविणाऱ्याच्या पायांत काय असेल?” पहिल्या दोहोंस मी काहीबाही उत्तर दिले. तिसऱ्यास मी गप्प राहिलो, कारण आमच्या पोरांच्या पायांत काय असते ते मला माहीत होते. त्याने मान हलविली. जर्मनीत सरकारी जंगलातून सरपण तोडून आणावयाचे असले तरी आधी करवतीचे शिक्षण घेऊन तसा दाखला दाखवावा लागतो. मग माझी मागणी त्यास पोरकट वाटली असल्यास नवल नाही. मला मात्र त्या वेळी राग आला. गरिबाच्या गावाला नियम शिकविणे श्रीमंत देशास सोपे असते, असे मी मनात म्हणालो, आणि दोन दिवस त्या कुंपणाकडे फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी तोच आला व मला मोटारीतून वर डोंगरमाथ्यावर घेऊन गेला. तेथे बाइर्सब्रोनच्या वरच्या रानात ‘लोथारपथ’ म्हणून एक पायवाट आहे. वादळात उन्मळलेले सुमारे १० हेक्टर, म्हणजे आपले २५ एकर, जंगल तेथे मुद्दाम कोणी न हात लावता तसेच ठेविले आहे. लाकडी फळ्यांवरून व शिड्यांवरून चालत जावे, आणि दोन्ही बाजूंस करड्या पडलेल्या सोटांखालून नवी स्प्रूस, भूर्ज व लाल फळांची रोवान झाडे माणसाहून उंच वाढलेली पाहावी. बाकी सर्व डोंगर साफ करण्यात आला. हा एवढा तुकडा राहिला. वृद्ध एका ओंडक्यावर बसला व म्हणाला, “त्या वर्षी आम्हांला वाटले, घाई केली नाही तर सर्व नासेल. हे पाहा. येथे कोणी घाई केली नाही.” यापलीकडे तो काही बोलला नाही, आणि माझा रागही उतरला.

उरलेल्या दिवसांत त्याने मला साखळीस धार लावणे शिकविले. पट्टी पकडीत घट्ट धरावयाची. गोल कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, त्याच कोनात चालवावयाची. प्रत्येक दातास सारखेच घाव द्यावयाचे. आधी एका बाजूचे सर्व, मग दुसऱ्या बाजूचे. बोथट साखळी पीठ पाडते, धारदार साखळी कपचे पाडते. पीठ दिसू लागले की थांबावे. कारण बोथट करवतीवर मनुष्य जोर देतो, आणि जोर देणाऱ्याचाच हात घसरतो. निघताना त्याने मला लाकडी मुठीची एक जुनी कानस दिली. करवत दिली नाही.

पुढल्या वर्षीच्या जुलैत आमच्या रस्त्यावर एक भला मोठा फणस आडवा झाला. दूध घेऊन जाणारी गाडी अडकली. मी पोहोचलो तेव्हा आमच्याच धर्मग्रामातील एक पोरगा बाजारातून आणलेले नवे ‘कटर’ घेऊन ओल्या ओंडक्यावर उभा होता. कमरेस आखूड विजार, पायांत रबरी चपला, आणि करवतीतून नुसते पीठ उडत होते. मी त्यास खाली बोलाविले. “फादर, दहा मिनिटांचे काम आहे,” तो म्हणाला. मी म्हटले, “मग ते अर्ध्या तासाने होईल.” मी कानस आणविली व त्यास रस्त्याच्या कडेस बसवून धार लावून दाखविली. दूधवाला कुरकुरला. त्याच्या कुरकुरीत मला माझाच जुना राग ऐकू आला.

त्यानंतर तरुणांच्या मंडळाने वर्गणी काढून दोन जोड जाड बूट, एक शिरस्त्राण व डोळ्यांपुढची जाळी घेतली. करवतीसाठी निराळी विजार असते. तिच्या अस्तरात लांब चिवट धागे असतात, साखळी लागताच ते बाहेर ओढले जाऊन चाकात गुंडाळतात व साखळी तत्काळ अडते. ती महाग असल्याने एकच आली आहे, आणि ज्याच्या अंगावर ती विजार त्यानेच करवत धरावयाची, असा ठराव झाला आहे. कानस माझ्याकडे असते. जो धार लावून घेण्यास येतो त्याच्या करवतीचा ब्रेक मी आधी ढकलून पाहतो. मागील पावसाळ्यात एकाचा ब्रेक लागेना, तेव्हा मी त्याची साखळी काढून खणात ठेविली. तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात बेळगावहून ब्रेक दुरुस्त करून घेऊन आला, आणि साखळी घेऊन गेला.